त्याच्या मुठीतलं रीळ

मी रीळ बोलतोय. दोऱ्याचं नव्हे, मासे धरायच्या काठीचं. काठीच्या बुडाशी, मुठीखाली मला बसवतात आणि माझ्यावर लांबच लांब दोरी गुंडाळतात. टोकाला जिवंत आमिष नसतं. पिसं आणि चकचकीत धागे बांधून केलेली खोटी मासोळी असते. ती पाण्यावर अशी अलगद फेकायची की खरा मासा फसलाच पाहिजे. माणसं या फसवणुकीला छंद म्हणतात.

माझा जन्म लेथवरचा. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मला कोरून काढलं, भोकं पाडून अंग हलकं केलं, पोटात ब्रेक बसवला. मासा दोरी ओढत सुटला की त्याला दमवणं हे त्या ब्रेकचं काम. खारं पाणी आत शिरलं तर तो गंजतो, म्हणून त्याच्याभोवती रबराची कडी. मिठाशी वैर घेऊनच मी जगात आलो.

दुकानात मी काचेच्या कपाटात होतो. दुकान एका बाईंचं. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. हंगाम तोंडावर आला की गिऱ्हाइकांची झुंबड उडायची. त्या गर्दीत एके दिवशी एक चष्मेवाला आला. म्हणजे चष्मे विकणारा. स्वतःच्या डोळ्यांवर मात्र चष्मा नव्हता. सोबत बायको होती. ती दवाखान्यात नर्स, कामावरून तशीच आलेली, दिवसभर उभं राहून पाय दुखणारी.

खरं तर ते दोघं बूट घ्यायला आले होते. खाडीच्या तोंडाशी शेवाळलेल्या खडकांवर उभं राहून मासे धरायचे, तर तळव्याला खिळे असलेले बूट लागतात. मावशींनी त्याचा जुना बूट उलटा करून पाहिला.

“हे तर पार गुळगुळीत झालेत हो. असेच गेलात पाण्यात?”

“गेलो की. अजून आहे ना तुमच्यासमोर?” तो हसला, आणि तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली.

मला हातात घेऊन त्यानं फिरवलं. मी टिकटिक वाजलो. त्याचा चेहरा असा काही उजळला की मलाही स्वतःचा अभिमान वाटला.

“आधी बूट घे,” बायको म्हणाली.

“बूट काय, अजून एक हंगाम ढकलतील. हे कुणीतरी उचलून नेलं तर?”

दोन्ही घेण्याची ऐपत नव्हती, हे तिनं पर्समधल्या नोटा दोनदा मोजल्या त्यावरून कळलं. मग ती हसलीच. “घे बाबा. तोंड बघ कसं केलंयस ते!”

असा मी त्याच्या घरी गेलो.

तो मला जपायचा. पाण्यावरून आला की स्वतः आंघोळीला जायच्या आधी मला बेसिनमध्ये गोड्या पाण्यानं धुवायचा. बायकोच्या धुतलेल्या टॉवेलवर वाळत ठेवायचा आणि तिच्या शिव्या खायचा. दर सुट्टीला धाकटा भाऊ यायचा. दोघं जेवणाच्या टेबलावर मासोळ्या बांधत बसायचे, पिसं उडून भाजीत पडायची. धाकट्याचं लग्न झालेलं नव्हतं. “वहिनी, या घरात माणसांपेक्षा पिसंच जास्त,” असं म्हणत तोच सर्वांत जास्त पसारा करायचा.

ती दुपार स्वच्छ होती. ओहोटी संपून पाणी फिरायला लागलं होतं. धाकटा म्हणाला, “दादा, निघू या.” “एकच टाकतो,” तो म्हणाला, आणि त्याच फेकीला मासा लागला. मोठा होता. माझ्यावरून दोरी अशी सुटली की मी किंचाळायला लागलो. तो माशामागे पुढे सरकत गेला. एक खडक, मग दुसरा.

त्याचा पाय निसटला.

छातीपर्यंतची रबरी विजार पाण्यानं भरली. प्रवाह त्याला ओढू लागला. “काठी सोड, दादा! सोड ती काठी!” धाकटा ओरडत पाण्यात उतरला. हात लांब करून त्यानं धरायला पाहिलं, पण त्याच्या हाताला दादाचं मनगट लागलं नाही. काठीची मूठ लागली. खाली मला धरलेला थोरला, वर मुठीला धरलेला धाकटा. मध्ये वीतभर अंतर.

मी दगडावर आपटलो. पुन्हा आपटलो. थोरल्याची बोटं माझ्या भोकांत रुतली होती. पाणी गार होतं. एकेक बोट बधिर होत गेलं, एकेक सुटत गेलं. शेवटच्या बोटाचं नख माझ्या कडेवर घासलं, त्याचा ओरखडा अजून आहे.

धाकट्याच्या हातात काठी आली. मी आलो. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी एका होडीवाल्याला तो सापडला.

मला कुणी धुतलं नाही. का धुवावं? धुणं ठेवायच्या खोलीत, साबणाच्या डब्यामागे मी पडून राहिलो. आपटून माझी रबराची कडी फाटली होती. मीठ आत शिरलं आणि सावकाश मला खात राहिलं. धाकटा घरी येईनासा झाला. बायको कामावरून यायची, मशीन लावायची आणि एकाच माणसाचे कपडे त्यात फिरताना बघत उभी राहायची.

नवा हंगाम आला तेव्हा धाकटा दारात उभा राहिला. वाळला होता.

“वहिनी, मी पुन्हा जाणार आहे पाण्यावर. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.”

“लाज नाही वाटत?”

“घरात बसवत नाही. तिथं गेलो की निदान दादा कुठं गेला ते दिसतं.”

तिनं पर्स उचलली, साबणाच्या डब्यामागून मला काढलं. “चल. काय घ्यायचं ते मी बघते.”

दुकानात तिनं त्याला काठ्यांकडे फिरकू दिलं नाही. खिळ्यांचे बूट घालायला लावून फरशीवर चालवलं. दोरी ओढल्यावर फुगणारं जाकीट त्याच्या अंगावर चढवलं आणि न सांगता दोरी ओढली. धाडकन आवाज झाला, दुकानातली माणसं दचकली. फुगलेल्या जाकिटात मान अडकलेला धाकटा एकाएकी रडायला लागला.

“मीच ओरडलो होतो, वहिनी. सोड म्हणून. मी धरल्यावर दादानं सोडलं. माझं ऐकलं त्यानं.”

तिनं त्याच्या पोटावरचा पट्टा तेवढा घट्ट केला.

मग दुरुस्त होईल का बघायला तिनं मला काउंटरवर ठेवलं. मावशींनी मला उघडलं. आत पांढरा भुगा झाला होता. “याचं आता काही होणार नाही,” त्या म्हणाल्या. दोघांपैकी कुणीही मला परत मागितलं नाही.

आता मी मावशींच्या खणात आहे. माझे दोन स्क्रू दुसऱ्या कुणाला लावले, उरलेलं अंग भंगारात जाईल. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण भंगारवाला यायच्या आत तुमच्यापैकी कुणाला खाडीच्या तोंडाशी खिळ्यांच्या बुटातला, एकटा उभा असलेला माणूस दिसला, तर माझा निरोप द्या. त्याला सांगा, तुझ्या दादानं तुझं ऐकलं नाही. त्यानं सोडलं नव्हतं.