गुडघ्यांचं दुकान

"स्पासदादा, वाकू नका हं. मी देते वर."

"वाकतोय कोण? काठी पडली माझी."

रुम्यानानं तळघरातून मान वर केली. खिडकीत दोन काळे बूट उभे होते, डावा बाहेरच्या बाजूनं झिजलेला, आणि बुटांपुढे आडवी काठी. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून काठी उचलली, बुटांना टेकवून उभी केली. मग झाडूच्या दांड्याला बांधलेल्या डब्यात सिगारेटचं पाकीट टाकलं आणि डबा वर सरकवला.

"विहिरीत पोहरा सोडल्यासारखं दुकान तुझं," वरून म्हातारा म्हणाला.

"आवडत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

"उद्यापासून आहेच कुठं ते?"

तिनं डबा खाली ओढून घेतला. बूट काठी टेकत गेले.

सोफिया शहरात ही गुडघ्यांची दुकानं एके काळी गल्लोगल्ली होती. जुनं कम्युनिस्ट राज्य गेलं, कारखाने बंद पडले, आणि दुकान घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती. तळघरं मात्र सगळ्यांकडे होती. रुम्यानाच्या तळघरात कोळसा असायचा आणि भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या. तिच्या नवऱ्यानं, ल्युबेननं, फुटपाथला लागून असलेली कोळशाची खिडकी तोडून मोठी केली, आत फळी ठोकली, फळीवर दिवा लावला आणि हिला स्टुलावर बसवलं. गिऱ्हाइकानं फुटपाथवर उकिडवं बसायचं, हात आत घालायचा आणि मागायचं. आधी सिगारेटी आणि च्युइंगम. मग सिनेमाच्या कॅसेट. कॅसेट मेल्या तेव्हा फोनची कार्डं. ती मेली तेव्हा फ्रिजला चिकटवायची चित्रं, परदेशी लोकांसाठी. दर वेळी ल्युबेन म्हणायचा, "चल, रिकामं कर, नवं मांडू," आणि शीळ घालत फळ्या झाडायला लागायचा. त्याला कशाचं काही वाटायचंच नाही. हिला वाटायचं. कॅसेटवरची नावं हिनं हातानं लिहिली होती, एकेक.

शेवटी बदलायला काही उरलं नाही, तेव्हा तो स्वतःच गेला. स्पेनला, बांधकामावर.

मार्चचा पहिला दिवस होता. त्या दिवशी जो तो दुसऱ्याच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतो. ल्युबेन बॅग घेऊन निघाला होता, बसला उशीर होत होता, तरी खिडकीशी थांबला. त्याचे तपकिरी बूट आतून दिसले.

"हात दे, दोरा बांधते," ती म्हणाली.

"मनगट तुला कुठं दिसणार तिथून? बुटाला बांध. परत येईन तेव्हा लगेच ओळखशील."

तिनं हात बाहेर काढून बुटाच्या नाडीला दोरा बांधला. त्यानं खाली बसून तिची बोटं दाबली. गेला. आधी फोन यायचे, मग नुसते सणाला, मग नाहीच. मेला असता तर इथल्या रीतीप्रमाणे चारचौघांसारखा त्याच्या फोटोचा कागद दारावर चिकटवला असता, दर वर्षी नवा लावला असता. तेही नाही. ती आपली बूट बघत बसली. गल्लीतला प्रत्येक बूट तिला पाठ होता, कुणाचा तळ उसवला, कुणी नवा घेतला, कोण आज प्यायलेलं आहे, सगळं.

नेवेना खाली आली ती पायऱ्या दणादणा वाजवत. लेक बापावर गेली होती. इमारतीच्या दर्शनी भागातली शिंप्याची जागा तिनं भाड्यानं घेतली होती. लोकांची ऑनलाइन मागवलेली पार्सलं तिथं येऊन पडणार, सोबत कॉफीचं यंत्र.

"आई, अजून आवरलं नाहीस? गवंडी येतोय. इमारतीचं बघणाऱ्या बाईनं सांगितलंय, खिडकी बुजवायची, पाणी शिरतं आत."

"त्याला म्हणावं पुढच्या महिन्यात ये."

"गेल्या महिन्यात पण तू हेच म्हणालीस. अगं, आजकाल कोण बसतंय उकिडवं?"

"तुझा बाप."

नेवेनानं हातातला खोका खाली ठेवला. चिडली की तिचे कान लाल होतात, तसे झाले.

"बाबाला यायचंच असेल ना, तर दोन पायऱ्या चढून दारातनं येईल. एवढं मोठं दार मी काय त्याला अडवायला लावलंय?"

"त्याला दार माहीत नाही. त्याला ही खिडकी माहीत आहे."

"मग बस," नेवेना म्हणाली. "बस इथंच. मी तुला कॉफी डब्यातनं पाठवते." आणि वर गेली. दार मात्र हळूच लावलं, हे रुम्यानाच्या कानानं टिपलं.

दुपारी खिडकीत तपकिरी बूट येऊन थांबले. चिखल लागलेले, जाड तळाचे. वाकेनात, काही मागेनात. रुम्यानाचा हात फळीवर होता तिथंच राहिला. बुटाची नाडी पँटखाली झाकलेली. ती फळीवर पुढं झुकून बघायला लागली. मग गुडघे वाकले, पँट वर सरकली, नाडी दिसली. साधी, काळी.

"मावशी, खिडकी हीच का? मी त्रायको. गवंडी."

"आज नको," ती म्हणाली. "जा तू."

"सिमेंट कालवलंय हो."

"मग खा ते."

तो हसला आणि बाजूला उभा राहून सिगारेट पेटवली. असली गिऱ्हाइकं त्याला रोजची असावीत.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. स्पासदादा परत. काळे बूट खिडकीसमोर आले, काठी भिंतीला टेकली, आणि गुडघे हळूहळू खाली यायला लागले.

"दादा, काय करताय? पडाल."

"गप बस. शेवटचा दिवस आहे. नीट गिऱ्हाइकासारखं घेणार." गुडघे कटकन वाजले. म्हातारा उकिडवा बसला खरा, पण लगेच एका बाजूला कलंडला आणि फुटपाथवरच बसला. "झालं," तो म्हणाला. "आता उठवा कुणीतरी."

रुम्याना पायऱ्या चढून, अंगणातनं फिरून पळत बाहेर आली. तिनं आणि त्रायकोनं दोन्ही बगलांत हात घालून त्याला उभं केलं. म्हातारा धापा टाकत तिच्याकडे बघत राहिला.

"तू चष्मा लावतेस?"

"कधीपासून लावते."

"मला काय माहीत? रस्त्यात दिसलीस तरी ओळखत नाही मी तुला. खाली बसलं की दिव्यात नुसते हातच दिसतात तुझे. त्या हातांवरनं ओळखतो."

"काहीतरीच."

"बस की. बघ."

इतक्या वर्षांत ती या बाजूला कधी बसलीच नव्हती. स्कर्ट सावरून ती उकिडवी बसली. तिचेही गुडघे वाजले. आत दिव्याच्या उजेडात फळी होती, झिजून गुळगुळीत झालेली, तिचे हात जिथं असायचे तिथं जास्तच. स्टूल दिसत नव्हतं. त्यावर माणूस बसलं असतं तरी दिसलं नसतं.

तिनं आत हात घालून फळीवरून फिरवला. दोघं थांबले. मग भिंतीला धरून उठली आणि हात झटकले.

"दिवा काढून घेते," ती त्रायकोला म्हणाली. "मग बुजव खिडकी."

दुसऱ्या दिवशी नव्या दुकानात नेवेनानं तिला काउंटरमागे उभं केलं. माणसं दारातून चेहरे घेऊन यायची, नमस्कार करायची, आणि रुम्याना काउंटरवरून वाकून आधी त्यांचे बूट बघायची. "आई, लोक घाबरतात," नेवेना कुजबुजली.

"घाबरू देत."

संध्याकाळी गर्दी सरली. रस्त्याकडच्या काचेला लागून एक अरुंद फळी होती, कॉफीचे कप ठेवायला. रुम्यानानं तळघरातला दिवा तिथं आणून लावला. नेवेनानं फळीवरचे कप उचलून घेतले. मग रुम्याना खुर्ची ओढून बसली. मार्च लागला होता. तिच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा होता. तिनं बाही वर सारली आणि दोन्ही हात उजेडात, रस्त्यावरून दिसतील असे, काचेशी नेऊन ठेवले.