पुसट अक्षर

"भोपळ्याएवढा 'ह' काढला, तरी म्हणे पुसट! आता काय भिंत रंगवू?" फळ्याशी उभी मदतनीस मावशी स्वतःशीच धुसफुसत होती.

बाईंनी ऐकलं, पण ऐकलंसं दाखवलं नाही. पुसट ते पुसटच. मुद्दाम हात हलका ठेवते ही बया, म्हणजे मुलांपुढे आपली फजिती. हल्ली तिची लक्षणंच वेगळी होती. बाई गोष्ट वाचायला बसल्या की ही खेटून बसणार, मान लांब करून पुस्तकात डोकावणार. परवा तर मुख्याध्यापिकेच्या खोलीतून हळूच बाहेर पडताना दिसली. काय कागाळ्या करून आली असेल, देव जाणे. पोरांची बोटं धरून वाळूत अक्षरं गिरवण्यात बाईंचा जन्म गेला, आणि आता हिचा डोळा त्यांच्या बालवर्गावर!

मुलं गोल करून बसली. चित्रं मुलांना दिसतील असं बाईंनी पुस्तक धरलं आणि पान उलटलं. गोष्ट तोंडपाठ होती.

"मग मांजर गेलं तळ्यावर..."

"इथं मांजर नाहीच्चे!" पुढ्यातली वकीलबाई कडाडली. हे नाव तिला बाईंनीच ठेवलेलं. पोरगी कुणाला म्हणून सोडत नसे.

"आहे गं. नीट बघ."

वकीलबाई उठली. चित्राखाली बोट टेकवून, ओठ घट्ट आवळून बघत राहिली. "ह... ह... त्ती. हत्ती!" मग स्वतःच दचकली. "बाई, मी वाचलं!"

तिनं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द. टाळ्यांचा नुसता गलका झाला. बाईंनी तिला पोटाशी धरलं, पण डोळे त्या पानावरच होते.

"दोन पानं एकदम उलटली गेली," मावशी घाईघाईनं म्हणाली. "काल माझ्याकडूनच डिंक सांडला त्यावर."

बाईंनी पानांवरून बोट फिरवलं. डिंकाचा मागमूस नव्हता.

मुलं घरी गेल्यावर त्यांनी दार लोटलं. "खोटं का बोललात, मावशी? वर्ग हवाय तुम्हाला?"

"मला? ही माकडं? नको गं बाई!"

"मग मुख्याध्यापिकेकडे कशाला गेला होता?"

मावशी खाली बघत टेबल पुसत राहिली. टेबल स्वच्छच होतं. "जाड खडू मागायला."

"काय सांगितलंत त्यांना?"

"म्हटलं... मुलांना फळ्यावरचं दिसत नाही."

बाई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या.

"मुलांना दिसतं, मावशी. मला दिसत नाही."