मोटरीची उचकी

नावाडीणीच्या मोटरीला उचकी लागायची. पलीकडच्या काठावरून निघालं की निम्मा तलाव ती शहाण्यासारखी गुरगुरत यायची आणि घराजवळच्या वळणावर वेग कमी केला की सुरू. गुर्र, हक्. गुर्र, हक्. "कोणीतरी आठवण काढतंय बिचारीची," असं तिचे बाबा म्हणायचे. तेव्हा नाव तेच चालवत होते.

आता आठवण ही चीज बाबांकडेच फारशी उरली नव्हती. जेवलो की नाही ते आठवेना, बायको जाऊन किती काळ झाला ते आठवेना आणि मुलीचा चेहरा तर समोर असूनही सापडेना. पण संध्याकाळी खिडकीत बसलेलं असताना पाण्यावरून ती उचकी ऐकू आली की ते ताठ होत आणि सोबतीला बसलेल्या शेजारच्या काकूंना सांगत, "आली माझी पोर." मग दारातून जी बाई आत येईल ती मुलगीच असणार, एवढा हिशोब त्यांना अजून जमत होता. "दमलीस का गं?" ते विचारत. त्या एका 'गं'साठी नावाडीण दिवसभर प्रवाशांची बोलणी हसत ऐकून घेई.

धुक्यातल्या एका सकाळी मोटरीने ऐन मध्यावर मान टाकली. नाव भरलेली. ना हा काठ दिसे, ना तो. पाणी आणि आभाळ एकमेकांत विरघळून गेलेलं आणि नाव त्यात कुठेतरी, कापसात ठेवल्यासारखी. क्षणभर सगळेच बघत राहिले, इतकं ते छान होतं. मग कामावर निघालेली नर्स भानावर आली.

"ताई, बंधाऱ्याचं पाणी ऐकू येतंय, तिकडेच चाललोय आपण वाहत! दाखवून घ्या हो हिला. आमचा जीव काय रस्त्यावर पडलाय का?"

नावाडीणीने वल्हं मारून मारून नाव काठाला लावली. हात भरून आले होते, पण घाबरून गेली होती ती जास्त.

मेकॅनिकला काठावर सगळे 'उद्या' म्हणत, कारण काहीही विचारा, तो तेच उत्तर देई. त्या दिवशी मात्र त्याने मोटर लगेच खोलली.

"कार्बोरेटर जाम, प्लग गेलेले, पाणी ओढायचा पंखा झिजलेला. चालत होती हेच उपकार समजा." मग त्याने आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत घराचं अख्खं छप्पर नवं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली. "तेवढी उचकी ठेवता येईल का?"

"काय?"

"वळणावर येते ती. बाकी सगळं करा."

उद्याने पाना खाली ठेवला आणि खदाखदा हसला. "अहो, लोक आवाज घालवायला पैसे देतात!"

"बाबा मला तिच्यावरूनच ओळखतात."

त्याचं हसू मावळलं. त्याने खरोखरच विचार केला, हे कबूल केलं पाहिजे. "नाही जमायचं, ताई. उचकी येते त्याच दुखण्याने ती बंद पडते. ठेवली तर परत मध्यावर दगा देईल."

नावाडीण पिंपातल्या पाण्याकडे बघत बसली. त्या पाण्यात मेकॅनिक मोटरी चालवून बघत असे आणि त्यावर तेलाचे निळे-जांभळे रंग सावकाश फिरत होते. काल बाबांनी 'दमलीस का गं' विचारलं, तेव्हा तिने नुसतंच 'हं' केलं होतं. ते शेवटचं ठरेल हे कळतं, तर नीट उत्तर दिलं असतं.

"करा," ती म्हणाली.

संध्याकाळी मोटर इतकी गुमान चालली की पाण्यावरचे पक्षीसुद्धा उडाले नाहीत. वळणावर तिने मूठ पिळून, सोडून, पुन्हा पिळून उचकीची नक्कल करून पाहिली. भर सभेत कोणी उगाच खाकरावं तसं काहीतरी निघालं. तलाव सोनेरी होऊन झोपेत असल्यासारखा पसरला होता आणि असल्या सुंदर पाण्यावरून घरी जायची तिला पहिल्यांदाच भीती वाटत होती.

बाबा खिडकीतच होते. "बघा, कोण आलंय!" काकू म्हणाल्या. बाबांनी वळून पाहिलं आणि परकं माणूस आल्यावर सावरून बसावं तसे सावरून बसले.

"या, बसा. पलीकडे जायचंय का तुम्हाला?"

उभ्या आयुष्यात बाबांनी तिला अहो-जाहो केलं नव्हतं. "हो," ती कशीबशी म्हणाली.

"मग थांबा थोडं. मुलगी येईलच माझी, ती सोडेल." त्यांनी शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "वाऱ्याबिऱ्याची काळजी करू नका हं. पाण्यावर तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

"तिला सांगितलंत कधी हे?"

"छे! शेफारली असती." ते हसले. मग जरा ओशाळून बाहेर पाहत म्हणाले, "सांगायला हवं होतं, नाही? आज आली की सांगतोच."

काकू आत निघून गेल्या. नावाडीण बाबांच्या शेजारी बसली आणि दोघं मिळून तिची वाट पाहू लागली.