क्लेमने बुजवलेला खंदक

“पाटीवर क्लेमचं नाव कुठाय, मर्टल? ‘१९६७ साली बुलडोझरने बुजवला’, एवढंच तर लिहिलंय.”

“अन् तेव्हा गावात बुलडोझर चालवणारे किती होते रे, डेस्मंड? पाद्रीबाबा येत होते का चालवायला?”

डेस्मंड प्राइकने पाटीचा मसुदा स्वतःकडे ओढला. तो निवृत्त शिक्षक, गावच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष. गावातल्या जुन्या खंदकाची माहिती देणारी मंडळाची पाटी सोमवारी छापायला जायची होती, आणि मर्टल केरिज हट्टाने त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात येऊन बसली होती. नवऱ्याच्या, क्लेमच्या, माथी पाप मारायचंच असेल तर ते खरं तरी असू दे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

त्या काळी शेतं मोठी करायला सरकार पैसे देई. मालकाने सांगितलं म्हणून क्लेमने झुडपांची कुंपणं उपटली आणि ‘खंदकाचं शेत’ म्हणतात तिथलं डबकं मातीने भरलं. पुढे डेस्मंडने चर्चच्या मासिकात लिहिलं, की ते डबकं म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या जमीनदाराच्या घराभोवतालच्या खंदकाचा शेवटचा कोपरा होता. मग काय, गावाला आयतंच कोलीत मिळालं. पबमध्ये बिअर सांडली की कुणीतरी ओरडायचं, “क्लेमला बोलवा, बुजवून टाकेल!” क्लेम सगळ्यांच्या वरताण हसायचा. पण शेवटच्या आजारात तो एकदा म्हणाला होता, “मला कुणी सांगितलं असतं ना, मर्टल, तर मशीन बंद करून घरी आलो असतो.” त्याला जाऊन दोन वर्षं झाली, पण ते वाक्य मर्टलच्या काळजातून हललं नव्हतं.

दफ्तरखान्यातल्या बाईंनी दोन गोष्टी टेबलावर ठेवल्या. एक, चर्चच्या करासाठी काढलेला जुना नकाशा. दुसरा, १९४६चा हवाई फोटो. युद्ध संपल्यावर वैमानिकांनी सगळा देश वरून टिपला होता, त्यातला. क्लेम तेव्हा सात वर्षांचा, शाळेत मार खात होता.

डेस्मंडने भिंग लावलं. “हे क्लेमचं डबकं. पण हे तर गोल आहे. खंदक चौकोनी असतो.”

“मग?”

तो नकाशावर वाकला. एकदा फोटो, एकदा नकाशा असं ताडून पाहू लागला. मर्टलला वाटलं, झालं, आता हा काहीतरी वाईट सांगणार.

“मर्टल, इथे दोन शेतं आहेत. मधे कुंपण. डबकं या शेतात, आणि याचं नाव मातीखाणीचं शेत. खंदकाचं शेत पलीकडचं. कुंपण गेलं, दोन्ही एक झाली आणि एकच नाव उरलं. मी नावावर विसंबलो. गाढव मी!”

“फोटो बघ आधी. गाढवपणाचं नंतर बघू.”

पलीकडच्या शेतात पाण्याचा टिपूस नव्हता. होता तो उभ्या पिकात एक गडद चौकोन, कुणी ओल्या बोटाने काढावा तसा. बुजलेल्या खंदकात ओल राहते, तिथलं पीक जास्त माजतं, हे मर्टललाही ठाऊक होतं.

“म्हणजे क्लेम शाळेत होता तेव्हाच...”

“तेव्हाच सपाट होता. त्याच्या आज्याच्याही आधी कुणीतरी बुजवला असेल. क्लेमने भरला तो विटांसाठी माती काढलेला खड्डा.”

मर्टलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. छातीवरचा धोंडा असा अचानक उतरला, की तिला आधी हसू फुटलं आणि मग रडू. दफ्तरखान्यातल्या बाईंनी पाणी आणलं. “मिसेस केरिज, तुम्ही बऱ्या आहात ना?” “बरी? अहो, इतकी बरी मी कधी नव्हते!”

परतताना डेस्मंड म्हणाला, “पाटीवर लिहू का, की क्लेमने काही केलं नव्हतं?”

“नको रे. न केलेल्या गोष्टींची पाटी लावतात का कुठे? ते वाक्य काढ, बास.”

शेताच्या फाटकाशी तिने त्याला गाडी थांबवायला लावली. गहू गुडघाभर आला होता. चौकोन काही दिसत नव्हता. मर्टल फाटकाला धरून उभी राहिली आणि अगदी स्वयंपाकघरातून हाक मारावी तशा मोठ्याने म्हणाली, “क्लेम, खड्डाच होता रे तो! साधा मातीचा खड्डा!”

गव्हातून वारा गेला. डेस्मंड, ज्याने पबमध्ये तो विनोद सगळ्यांत जास्त वेळा केला होता, तिच्या मागे दोन पावलांवर टोपी हातात घेऊन उभा होता.