पाटीवर लिहिलंय ते मी नाही

मी शेतांवर औषध फवारणारं विमान बोलतोय. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, मी लढाऊ विमान नाही आणि आज हे बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पिवळाधमक रंग, पोटात औषधाची टाकी, पंखांखाली फवारे. बावीस वर्षं एकाच वैमानिकानं मला उडवलं. पिकांवरून इतक्या खालून न्यायचा की कणसं माझ्या चाकांना घासायची! उतरल्यावर आधी स्वतःच्या हातानं टाकी धुवायचा, मगच जेवायचा. लोक स्वतःच्या गाडीची काच पुसायला कंटाळतात, आणि हा असा.

पुढे त्याची नजर अधू झाली. तो घरी बसला आणि मी गवतात. मग मला गावाबाहेरच्या या संग्रहालयात दिलं. संग्रहालय कसलं, पत्र्याची शेड, चार जुनी इंजिनं आणि एक व्यवस्थापक. वाटलं, चला, म्हातारपण तरी सुखात जाईल. कसचं काय!

"फवारणीचं विमान बघायला इथं कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही," म्हणत व्यवस्थापकानं मला हिरवट रंग फासला, नळाच्या पाइपांच्या तोफा ठोकल्या आणि 'युद्धात गाजलेलं विमान' अशी पाटी लावली. अहो, आयुष्यात किडींशिवाय मी कुणाला मारलं नाही!

तेही सोसलं. पण आज सकाळी माझ्या वैमानिकाची मुलगी आली. हनुवटी हुबेहूब बापाची. सोबत तिची लहान लेक.

"बाबांचं पिवळं विमान तुमच्याकडे दिलं होतं ना? बाबा गेले मागच्या महिन्यात. म्हटलं, हिला एकदा दाखवावं."

व्यवस्थापक चाचरला. खरं सांगावं तर पाटी खोटी पडणार.

"ते... ते भंगारात गेलं, ताई."

ती माझ्याच पंखाला टेकून उभी होती! ओरडावं तर इंजिन कधीच काढून नेलेलं. संतापानं नुसता जळत राहिलो.

"आई, हेच का गं आजोबांचं?"

"नाही गं बाळा. त्यांचं साधं होतं बिचारं. पण फार जीव होता त्यांचा त्याच्यावर."

डोळे पुसत ती लेकीचा हात धरून बाहेर पडली.

तुम्ही तरी ऐकताय ना? बस यायला अजून वेळ आहे. दोघी फाटकाबाहेरच उभ्या असतील. कुणीतरी पळा हो, त्यांना परत बोलवा!