दिवसातून दोनदा

मी बाळंतपणाच्या रजेवर होते त्या पाच महिन्यांत आमच्या ऑफिसचा सर्व्हर एकदाही पडला नाही. मी परतले आणि तो दिवसातून दोनदा पडायला लागला.

ऑफिस आर्किटेक्टचं, माणसं सात. सगळे नकाशे त्या एकाच सर्व्हरवर. जोडणी तुटली की पडद्यावरची रेघ जागच्या जागी थिजते आणि सेव्ह न केलेलं काम जातं. सर्व्हर, वायरी, प्रिंटर यांची देखभाल माझ्याकडे.

"तुझी वाट बघत दम धरून होता बिचारा," ड्राफ्ट्समन काका म्हणाले. ऑफिसातले सगळ्यांत जुने तेच. "माझा जिना तिसऱ्यांदा हवेत लटकलाय. एव्हाना कुणी चढलं असतं तर?"

साहेब थट्टा करत नाहीत. सोमवारी त्यांनी सांगितलं, "शुक्रवारपर्यंत छडा लागला तर ठीक. नाहीतर देखभाल बाहेरच्या कंपनीला देऊ." मग माझं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सगळ्यांच्या वायरी जिथे येतात तो स्विच बदलला. सर्व्हरची केबल काढून टेस्टरला लावली, आतल्या आठही तारांचे दिवे हिरवे. सर्व्हरमधल्या नोंदी छापून घेतल्या. एका दिवशी सकाळी जोडणी तुटली १०:५२ला, दुसऱ्या दिवशी ११:३८ला, मग ११:०५ला. ठरलेल्या वेळी चालणारा एखादा प्रोग्रॅम आड येत असता तर घड्याळ लावून आला असता. हे दुखणं मनाला येईल तेव्हा यायचं आणि वीसेक मिनिटं बसून जायचं.

"आणि तू आत असतानाच जातो," काका म्हणाले. "म्हणजे किती निर्ढावलाय बघ."

आत म्हणजे सर्व्हरच्या खोलीत. बॅकअप बघून येते असं सांगून मी तिथे जायची ती दूध काढायला. लेक साडेपाच महिन्यांची. छाती भरून दुखायला लागली की ऑफिसात दुसरा आडोसा नव्हता. त्या दाराला आतून कडी नाही, म्हणून खुर्ची मागे दारापर्यंत रेटून तिच्यावर बसायचं. फोन बाहेर टेबलावर. पंप लावायचा आणि बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहायची, म्हणजे सासूबाईंना कळतं आधी कुठली पाजायची.

बुधवारी संध्याकाळी घरी बाटल्या फ्रीजमध्ये ठेवत होते. हातातल्या पट्टीवर ११:०८ होतं. ही वेळ कुठेतरी वाचलीय असं वाटलं आणि मी पिशवीतून नोंदींचा कागद काढला. ११:०५. मग फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या.

"दुकान मांडायचंय का गं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या खांद्यावर लेक पेंगत होती.

"थांबा हो जरा, आई."

सगळ्या जुळल्या, प्रत्येकीत दोन-तीन मिनिटांचा फरक. सकाळी लेकीला उशिरा पाजलं असलं की सर्व्हर उशिरा पडत होता.

गुरुवारी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. खुर्ची मागे रेटली. तिचा मागचा पाय भिंतीलगतच्या केबलवर चढला आणि समोर सर्व्हरवरचा जोडणीचा हिरवा दिवा विझला. पंप लावताना त्याच्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. केबलच्या आत एक तार तुटली होती. केबल सरळ असली की तिची टोकं टेकायची, दाब आला की सुटायची. टेस्टरला लावताना मी ती सरळ करूनच लावत होते. नवी केबल दाराच्या वरून नेली. वीस मिनिटांचं काम.

साहेब आल्यावर सांगितलं, "केबल खराब होती. बदलली."

"दिवसातून दोनदाच कशी खराब होत होती?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. खुर्ची, दार, दूध, सगळं सांगितलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"आधी सांगायचं नाही का?"

"कुणाला?" मी म्हणाले.

"सुताराला बोलावून कडी लावून घे," ते म्हणाले. "आणि बाकीचं उद्या ठरवू. शुक्रवार म्हटलंय ना मी."

शुक्रवारी सुतार आला नाही. अकराला मी खुर्ची दाराला लावून बसले. समोर हिरवा दिवा लुकलुकत होता आणि माझी नजर तिथून हलेना. पंप कोरडाच घरघरत राहिला. बाहेर कुणी काही बोलत नव्हतं. सगळे कामात होते की पडद्याकडे बघत वाट पाहत होते, कळायला मार्ग नव्हता.

मग दाराच्या पलीकडून, बऱ्याच लांबून, काकांचा आवाज आला.

"सगळं चालू आहे गं पोरी. सावकाश होऊ दे."

त्यांना साहेबांनी सांगितलं होतं की त्यांनी स्वतःच ताडलं होतं, मी अजून विचारलेलं नाही. मी दिव्यावरची नजर काढली, डोळे मिटले, आणि तेव्हा कुठे पान्हा आला.