मोटेच्या नाड्याने पाहिलेले महायुद्ध

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. मी नाडा आहे; पण पायजम्याचा नव्हे, विहिरीवरच्या मोटेचा. मनगटाएवढा जाड आणि साठ हात लांब. शिरूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका गावात ज्ञानूआप्पांनी घायपाताच्या वाखापासून, म्हणजे चिवट तंतूंपासून, मला वळले आणि विहिरीचे मालक पोपटराव यांच्या हाती देताना सांगितले, "हत्ती बांधा, तुटायचा न्हाई." हत्ती काही आमच्या गावात आला नाही. बैल मात्र मी पुष्कळ दमवले.

दोनच वर्षांत मोट गेली आणि विजेची मोटार आली. मला वाटले, आता आपले संपले. पण नदी फुगली की काठावरच्या मोटारी वर ओढायला मीच लागे. एका पुरात मी दिवसभरात अकरा मोटारी वाचवल्या, तेव्हा पोपटरावांचे मेहुणे म्हस्कू यांनी माझ्यापुढे नारळ फोडला होता. मी किती फुगलो म्हणून सांगू! पुढे नायलॉनचे दोर आले. मी गोठ्यात धूळ खात पडलो, उंदरांनी माझे एक टोक कुरतडले, आणि कोणी ढुंकूनही पाहीना. शेवटी पोपटरावांनी मला रस्सीखेचीसाठी शाळेला देऊन टाकले. पोरांच्या घामेजल्या हातांत मी पुन्हा सुखी झालो.

२००३ सालचा मार्च महिना होता. नववीच्या दीक्षाबाई पहिले महायुद्ध शिकवत होत्या. देशांची नावे ऐकून वर्ग पेंगायला लागला, तेव्हा त्यांनी मला मैदानात आणले. पाच मुले ओळीने उभी केली आणि एकेकाच्या कमरेला माझा वेढा देऊन गाठ मारली. सर्बिया, मग रशिया, फ्रान्स, ब्रिटन आणि शेवटी हिंदुस्थान. समोर ऑस्ट्रिया आणि जर्मनी मोकळे टोक धरून उभे राहिले. "ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी लागली," बाई म्हणाल्या, "ओढा सर्बियाला!" सर्बिया कोलमडला, त्याच्यामागे रशिया, आणि बघता बघता पाचही देश धुळीत लोळले.

"बाई, मी तर कायच केलं न्हाई!" हिंदुस्थान झालेला सार्थक कोपर चोळत ओरडला.

"हिंदुस्थानानेही काही केलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तरी आपले लाखो शिपाई लढायला गेले. पुस्तकात कारणं आणखीही आहेत, ती पाठ करा. पण एवढं ध्यानात ठेवा, एकाचं भांडण पेटलं की दुसऱ्यानं धावून जायचं, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. मग भांडण कशाचं, हे विचारायला फार थोडे थांबले."

रशिया झालेली शितल कपडे झटकत होती. ती पोपटरावांची मुलगी.

त्याच आठवड्यात म्हस्कूंच्या मोटारीची केबल कोणीतरी तोडली. नदीवरच्या बंधाऱ्यात पाणी कमी होते आणि नदीपलीकडच्या, दौंड तालुक्यातल्या लोकांशी त्यावरून आधीच कुरबूर चालू होती. म्हस्कूंनी ठरवले, पलीकडच्या मोटारी ओढून डोहात लोटायच्या. पोपटरावांनी त्यांना पूर्वीच शब्द दिला होता, की हाक मारा, मी आलोच. पोपटराव निघाले म्हणून भावकी निघाली, भावकी निघाली म्हणून तालमीतली पोरे निघाली. पलीकडेही काठ्या घेऊन माणसे जमू लागल्याची बातमी आली. आणि पोपटरावांची सख्खी बहीण गिताबाई तिकडेच दिलेली होती, तिची मुलेही त्या जमावात होती.

मला शाळेतून आणून ट्रॅक्टरच्या हुकाला बांधले. मोटारी वाचवणारा मी, आज बुडवायला निघालो होतो. लाजेने माझा पीळ न् पीळ आवळला गेला. इतक्यात शितल आली आणि सरळ माझ्या वेटोळ्यावर बसली.

"ऊठ पोरी," पोपटराव म्हणाले.

"आबा, केबल तोडताना कुणी पाह्यलं का?"

शितल मामाकडे वळली.

"म्हस्कूमामा, तुमी पाह्यलं?"

"पाह्यलं न्हाई. पण दुसरं कोण करणार?" म्हस्कू म्हणाले.

"मंग आत्याच्या पोरांची डोकी कशापायी फोडायची?"

पोपटराव ट्रॅक्टरमागे गेले. मग त्यांनी हुकातून मला सोडवले. "म्हस्कू, शब्द दिलता, म्हणून आलोय. पर आधी तू आन् मी दोघंच पलीकडं जाऊन इचारू."

"दाजी, लोक हसतील."

"हसू दे की. रडण्यापरीस बरं."

दोघे बंधाऱ्यावरून रिकाम्या हातांनी चालत गेले. परत आले तेव्हा सूर्य मावळत होता आणि म्हस्कूंच्या हातात गिताबाईने दिलेली वांग्यांची पिशवी होती. चार दिवस अलीकडच्यांनी आणि चार दिवस पलीकडच्यांनी मोटारी चालवायच्या, असे ठरले होते. केबल कोणी तोडली ते आजतागायत कळलेले नाही, आणि आता कोणी विचारतही नाही.

मी पुन्हा शाळेत आहे. जरा विरलो आहे, पण मजेत आहे. मित्रांनो, मला पावसात टाकू नका, खेळ झाला की वाळवून टांगा, एवढे केलेत तरी मी आणखी काही वर्षे टिकेन. आणि आपले माणूस हाक मारील तेव्हा जरूर धावून जा. फक्त हाक कशासाठी आहे, ते आधी विचारा. मला हुकाला बांधले की ओढावेच लागते, मला विचारता येत नाही. तुम्हाला येते.